‘शे’

पिंप्राळा, जळगाव
१२ एप्रिल २०२५

कुंदाअक्का,

नमस्कार. सकाळी नळ आला, पाणी भरलं. वांग्याची भाजी केली. साक्रीला ऊन कसं आहे? तुमचे गुडघे?

पुण्याहून तुमच्या भावाच्या पुस्तकाची प्रुफं आली. ही कादंबरी नाही. बातमीदारी, फिरणं, लिहिणं याबद्दल ते आजारपणात लिहीत होते ना, ते. मला त्यातलं फारसं समजत नाही. एक वाक्य मात्र समजलं. ‘बातमीत मी माणसाच्या तोंडचं शे खोडून आहे लिहायचो. माणूस छापला जायचा, गाव राहून जायचं. म्हणून नोकरी सोडून कादंबरी लिहू लागलो.’

तिथल्या संपादक मोनालीने, वाचकांना आपली अहिराणी कळणार नाही म्हणून, संगणकावर सगळे ‘शे’ एकदम ‘आहे’ करून टाकले. त्यात शेजारी ‘आहेजारी’ झाला. पुस्तकातल्या सुकलालभाऊंचं शेत ‘आहेत’ झालं. आणि ते वाक्य झालं, ‘आहे खोडून आहे लिहायचो’. अक्का, ते गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

फोन केला. मोनाली ओशाळली. शेत, शेजारी दुरुस्त करते म्हणाली, बाकीचे ‘आहे’ राहू द्या, वाचक अडखळतो.

“अडखळू दे,” मी म्हटलं.

मग बसून एकेक ‘शे’ पेनाने परत लिहिला.

एका पानावर हात थांबला. ते फिरतीवर निघतात तेव्हा बायको दारात म्हणते, ‘जाय, मी शे आठे.’ ती ‘इथेच आहे’ म्हणते हे वाचून मोनालीला रडू आलं होतं.

मी असं कधी म्हटलं नाही, अक्का. आई अंथरुणावर होत्या, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हणायचे, “माले बी लई चाल.” ते म्हणायचे, पुढच्या वेळी नेईन. आई गेल्यावरही पुढच्याच वेळी. तोरणमाळ मी त्यांच्या लिहिण्यातच पाहिलं.

माझं वाक्य तिथे लिहिता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पेन टेकवलंही. पण लोकांच्या तोंडचा शब्द बदलावा लागतो म्हणून ज्यांनी नोकरी सोडली, त्यांचा शब्द मी कसा बदलू? माझा त्यांनी बदलला, ते घरातलं.

तिथेही ‘शे’च केलं. आता ती बाई दारातच उभी राहणार, आणि वाचणारे म्हणणार, धीराची होती.

हे तुमच्याजवळच ठेवा.

प्रुफांचं पाकीट चिकटवलं आहे. गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत टाकलेत, एका बाजूने वाळले असतील. ते उलटवून येते.

तुमची,
यशोदा