कच्चे टाके

कल्याण
१८ जानेवारी १९५४

मंदावहिनींस गुणाजीचा नमस्कार पोचावा.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. वर नावाआधी मी काही लिहिलं नाही, ती चूक समजू नका. हाताला 'सौ.' लिहायची सवय आहे, आणि आता जे लिहायचं ते चार वर्षं झाली तरी मला लिहिता येत नाही.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण पाण्याला जायचं ते ती जातेच, ऐकेल तर शपथ. दुकान चाललं आहे. कॅम्पात सिंधी मंडळींनी इतके उद्योग काढलेत की खाटा, खिडक्यांचे गज, हातगाड्यांचे आस, काही ना काही जोडायला येतंच. परवा शेजारच्या गंगुबाई बादलीची कडी घेऊन आलेल्या. जोडून दिली तर फिरवून फिरवून बघायला लागल्या. म्हणाल्या, "गुणाजी, बादली झिजून जाईल पण कडी हलायची नाही. एवढं कशाला रे चोपडलंस?" मी म्हटलं, हात जड आहे माझा. पूर्वी नव्हता. तुमच्या घरचा झोपाळा मी जोडलेला, सांधा कुठे आहे ते शोधून सापडत नसे. असो.

मधु मोहने गावच्या कारखान्यात लागला हे वाचून फार बरं वाटलं. धाकटा भाऊ बहिणीच्या घरी राहून शिकला, तुमच्या कष्टाचं चीज केलं त्याने. आता त्याला कामावर जायला त्र्यंबकची फटफटी हवी आहे, मी ती दुरुस्त करून द्यावी, असं तुम्ही लिहिता.

गाडी आहे, वहिनी. माझ्याच शेडमध्ये, मागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. पण मोडलेली आहे, आणि सामान विलायतेहून मागवावं लागेल, ते कधी येईल सांगता येत नाही. शिवाय मोहन्याचा रस्ता चांगला नाही. मधूला सायकल घ्यायला सांगा, मी स्वतः बघून चांगली निवडून देतो.

शिवणकामाला गिऱ्हाइकं वाढली म्हणता, तर दिवा चांगला घ्या. डोळे जपा.

तुमचा
गुणाजी


कल्याण
९ फेब्रुवारी १९५४

मंदावहिनींस गुणाजीचा नमस्कार.

तुमचं दुसरं पत्र आलं. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकलो. 'सामान येईपर्यंत थांबते, पण नाही म्हणू नका. गाडीचा काय दोष, दोष माझ्या जिभेचा. बाहेर पडताना मी त्यांना या म्हटलं नाही, जा एकदाचे म्हटलं.'

असं पुन्हा लिहू नका. मला राग येतो. तुमचा नव्हे.

त्र्यंबकच्या तेराव्या दिवशी त्याच्या रंगूआत्या तुमच्यासमोर बसून काय बोलल्या, ते मी ओटीवरून ऐकलेलं. "उंबऱ्यावरच्या माणसाला जा म्हणावं का कधी? म्हणाली, आणि गेला." तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. त्यानंतर दोनदा तुमच्याकडे आलेलो, तेव्हा लक्षात आलं की तुम्ही कोणालाच जा म्हणत नाही. बोहारणीला "ये हं" म्हणालात. मांजराला हाकलतानाही तुमच्या तोंडून "ये, ये" निघालं, ते बिचारं गोंधळून परत आत आलं. मधु हसला. मला हसू आलं नाही. त्यानंतर मी तुमच्याकडे यायचं बंद केलं. आईचं दुखणं, दुकानाची घाई, अशी कारणं कळवत राहिलो.

गाडीचं विचारता म्हणून सांगतो. ती मूळची तशी नव्हती. परत विलायतेला निघालेल्या साहेबाकडून त्र्यंबकने घेतली तेव्हा ती शहाण्या माणसाची गाडी होती. मागे स्प्रिंगा, दोन सीटा, दोन्ही चाकांवर भरपूर मडगार्ड. पण लढाईत आम्ही दोघे कल्याण कॅम्पात होतो, तो स्टोअरमध्ये कारकून, मी वर्कशॉपात फिटर. तिथे एका अमेरिकन सार्जंटची कापलेली गाडी त्याने पाहिलेली. पुढचं चाक धरणारा फोर्क लांब काढलेला, मागची स्प्रिंग उडवून चाक सरळ फ्रेमलाच जखडलेलं, सीट एकच, आणि ती इतकी खाली की बसणारा आरामखुर्चीत रेललेला वाटावा. तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच. गाडी दुकानात आणली त्या दिवशीच म्हणाला, "गुण्या, स्प्रिंगा काढ. रस्ता पाठीला कळला पाहिजे." मी म्हटलं, कल्याणचा रस्ता पाठीला कळला तर उद्या वैद्याकडे पडशील. पण मलाही हुरूप आला, खोटं कशाला बोलू. असलं काम आपल्या बाजूला कोणी केलेलं नव्हतं. सीटच्या मागची फ्रेम करवतीने कापली तेव्हा आम्ही दोघांनी पेढा खाल्ला. पुढे चार महिने तो रोज कचेरी सुटली की यायचा. आत यायचा नाही. दाराच्या चौकटीला हात लावून विचारायचा, "झालं का रे?"

आता एक सांगतो, वेडा म्हणू नका. फोर्क लांब असला की उभ्या गाडीचं पुढचं चाक एका अंगाला पडतं. हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नसेल, तो फोर्क मीच लांब केला. रोज सकाळी ताडपत्री उचलून मी हँडल सरळ करतो. दुपारी जेवून येतो तेव्हा ते वळलेलं असतं. दर वेळी दाराकडे. चार वर्षांत भिंतीकडे एकदाही नाही. मी वीट लावून बघितली, लाकडाची पाचर मारून बघितली. आणि कुठल्या गिऱ्हाइकाने दारातून "झालं का?" म्हटलं की माझ्या हातातला पाना सुटतो. गेल्या आठवड्यात पायावर पडला, अंगठ्याचं नख गेलं.

सामान विलायतेहून यायचं आहे असं मागे लिहिलं, ते खरं नाही. सगळं सामान इथेच आहे. उद्यापासून गाडी उघडतो. मधूला एवढ्यात काही बोलू नका, आणि मला उत्तर पाठवू नका. तुमचं अक्षर दिसलं की हात चालत नाही.

गुणाजी


कल्याण
२६ फेब्रुवारी १९५४

मंदावहिनींस,

गाडी झाली. हे दोन शब्द लिहायला मला दोन दिवस लागले.

लांब फोर्क काढला, मूळचा चढवला. मागे मी जोडलेला सगळा भाग कापून टाकला. साहेबाच्या वेळची मागची फ्रेम आणि स्प्रिंगा मी पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलेल्या, त्या पुन्हा बसवल्या. सांधे इतके पक्के केलेत की गंगुबाईंनी बघितले तर पुन्हा बोलतील. मागची सीटही बसवली. आता हँडल वळत नाही, ठेवीन तसं राहतं. तरी दुपारी जेवून आलो की आधी तिकडेच बघतो, आणि वळलेलं असावं असं वाटतं.

पण मधूला ती द्यायची की नाही, ते हे पत्र शेवटपर्यंत वाचून ठरवा.

तुम्ही शिवता, म्हणून तुम्हाला चटकन कळेल. ब्लाउज बेतला की तुम्ही आधी कच्चे टाके घालता, अंगाला लावून बघता, मग मशीन मारता. आमच्यातही हाच शब्द आहे. दोन नळ्या जोडायच्या तर आधी कच्चा टाका मारायचा, तुरीच्या डाळीएवढा. मग दोरी धरून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघायचं. ती असली की सांध्याभोवती गोल फिरून पक्कं जोडायचं. कच्च्या टाक्यावरही गाडी उभी राहते. बघणाऱ्याला पूर्ण झालेलीच दिसते.

त्र्यंबक गेला त्या मंगळवारी मागचे चार सांधे होते, त्यातले उजवीकडचे दोन पक्के. डावीकडचे दोन कच्चे. सोमवारी माझं कार्बाइड संपलं, म्हणजे गॅस संपला, आणि नवीन बुधवारी यायचं होतं. पण त्र्यंबकने मंगळवारच धरलेला, टिटवाळ्याच्या गणपतीसमोर गाडी उभी करून नारळ फोडायचा. मला वाटलं, येऊन बघेल, फार तर दुकानातच नारळ फोडेल. म्हणून मी कच्च्या टाक्यांवर लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा पांढरा लगदा, भरली, घासून गुळगुळीत केली आणि वरून काळा रंग दिला. येणाऱ्याजाणाऱ्याला काम अर्धवट दिसू नये, एवढ्यासाठी. बुधवारी तो रंग खरवडून मी पक्कं करणार होतो.

सकाळी तो आला. चौकटीला हात लावून म्हणाला, "झालं का रे?" दुकानात चार माणसं चहा पीत बसलेली. मी पाना पुसायला घेतला. त्यांच्यादेखत नाही म्हणायला जड जात होतं. तसा तो त्यांच्याकडे वळून म्हणाला, "गुण्याचं काम पेशवाईत सुरू झालंय, अजून चालू आहे." सगळे हसले. माझं डोकं फिरलं. माझा राग नाकावर, तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "झालं. घेऊन जा."

झालं नव्हतं, वहिनी.

टिटवाळा सहा-सात मैल. तेवढं जाऊन येईपर्यंत टाके धरतील, आला की काहीतरी निमित्त काढून गाडी ठेवून घेईन, असं मी मनाशी म्हटलं. त्याला मात्र सांगितलं नाही. वर "सावकाश जा" असंही म्हणालो. म्हणजे जा मीही म्हणालो होतो. ते कोणी धरलं नाही, कारण मी त्याच्या घरचं माणूस नव्हतो.

आणखी एक आहे, ते तुमचं आहे. चार वर्षं मी ते स्वतःकडे ठेवलं. किक मारायच्या आधी तो मला काय म्हणाला ते. "आज मंदा मला जा एकदाचे म्हणाली. मागची सीट काढली म्हणून फुगलीय. परत आलो की ती सीट बसवून दे बाबा, नाहीतर जेवायला मिळायचं नाही. आणि गजरा कुठे चांगला मिळतो रे?" हसत होता. तुमचं बोलणं त्याला लागलेलं नव्हतं, उलट आवडलेलं दिसलं. मी त्याला देवळाबाहेरच्या माळणीचं सांगितलं. हे तुम्हाला मी तेराव्याला सांगू शकलो असतो. पण तुम्ही पुढे विचारलं असतं, अजून काय बोलणं झालं? म्हणून नाही सांगितलं.

दोन तासांनी निरोप आला. मोहन्याच्या पुढच्या वळणावर मी पोचलो तेव्हा माणसं जमलेली. त्र्यंबक झाडाखाली होता, वरून कोणी धोतर पांघरलेलं. ते मी लिहीत नाही. गाडीचं मागचं चाक तिरकं होऊन फ्रेममध्ये रुतलेलं, डावीकडचे दोन्ही सांधे सुटलेले. सुटलेल्या जागी डाळीएवढं लोखंड चकाकत होतं, बाकी सगळी पांढरी लांबी. फौजदार म्हणाले, "आपटल्यामुळे तुटलं ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी लिहून घेतलं, वेग फार होता, ताबा सुटला. वेग नव्हता, वहिनी. नव्या गाडीवर तो जोरात जाणारच नव्हता, त्याला ती हौसेने सगळ्यांना दाखवायची होती.

मग रंगूआत्या बोलल्या. आणि खरं सांगतो, ओटीवर बसून ते ऐकताना मला आधी हायसं वाटलं. लोक तुमचा 'जा' उगाळत बसले, तोवर माझा 'झालं' कोणी विचारणार नव्हतं. लाज त्याच्यानंतर वाटली, आणि ती अजून उतरलेली नाही. तुम्ही घरात माणसांना, मांजरांना ये ये करत राहिलात, आणि मी इथे बादल्यांना लोखंड चोपडत राहिलो. चूक माझी आणि शिक्षा तुम्ही भोगलीत.

रविवारी दुपारी डोंबिवलीला येतो. तुटलेल्या सांध्याचा तुकडा मी चार वर्षं जपलाय, तो कागदात बांधून आणीन आणि तुमच्या हातावर ठेवीन. मधूला समोर बसवा, त्यालाही तोंडाने सांगेन. फौजदाराकडे चला म्हणालात तर तिथून तसाच येईन, आईला सांगून निघणार आहे. रंगूआत्यांना बोलवायचं असेल तर जरूर बोलवा.

आणि मला दारात बघून तुम्हाला 'जा' म्हणावंसं वाटलं, तर गिळू नका. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. त्या शब्दाने कोणाचं काही होत नाही, हे मी, ती गाडी जोडणारा, लिहून देतो.

गुणाजी