बाईसाहेब एकट्या खेळतात

सोमवार, ३ मार्च
आजपासून मुलीने एकटीने खेळायचं. निर्णय पूर्णपणे माझा. बायको फक्त गेले काही महिने रोज सुचवत होती.
बायको पुन्हा क्लिनिकमध्ये रुजू झाली, लोकांचे गुडघे सरळ करते. मी घरी बसून विम्याचे दावे तपासतो. आमच्या बाईसाहेब, वय साडेतीन, दिवसभर माझ्या मांडीवर. परवा एका दाव्याचं 'मंजूर' त्यांनीच दाबलं. साहेबांना अजून पत्ता नाही.
प्लॅन सोपा. ती खोलीत, मी हॉलमध्ये. मी भित्रा नाही. रोज अपघातांचे अर्ज वाचतो, त्यामुळे इतरांपेक्षा माहिती जास्त, इतकंच.

मंगळवार, ४ मार्च
सुरुवात झकास. आतून गाणं ऐकू येत होतं. मग गाणं थांबलं.
मूल रडलं तर एक वेळ परवडतं, गप्प झालं की नाही. एका फाइलमधलं आडवं झालेलं कपाट डोळ्यांसमोर आलं. धावलो. बाईसाहेब श्वास रोखून ठोकळ्यांवर शेवटचा ठोकळा ठेवत होत्या. दार धाडकन उघडलं आणि मनोरा कोसळला. भोकाड. मग दोघांनी मिळून परत बांधला.
आजचा दिवस धरायचा नाही.

गुरुवार, ६ मार्च
कपाट भिंतीला ठोकलं. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज. खुर्च्या बाहेर. पडद्याची दोरी कापली, पडदा आता सरकत नाही. खोलीत मुलगी आणि उशा उरल्या.
बायकोने विचारलं, हिने खेळायचं कशाशी? म्हटलं, कल्पनाशक्तीशी.

सोमवार, १० मार्च
प्रगती आहे. आज मी फक्त पाणी हवं का, थंडी वाजते का, एवढंच विचारायला गेलो. थोड्या थोड्या वेळाने. बाईसाहेब म्हणाल्या, बाबा, तू सारखा येतोस, माझी बाहुली झोपत नाही. लाडाने म्हणाली असावी.

मंगळवार, ११ मार्च
साहेबांबरोबर व्हिडिओ मीटिंग. आतून धप्प आवाज. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, खाली उतर आधी! माइक चालू होता. साहेब नेमके खुर्चीवर उभे राहून एसीची पट्टी सरळ करत होते. मुकाट्याने उतरले.
आत उशी पडली होती.
उद्यापासून तोंड बंद. लांबून, न दिसता नजर ठेवायची. हाच शास्त्रशुद्ध मार्ग.

गुरुवार, १३ मार्च, संध्याकाळ

बाईसाहेबांना हॉलमध्ये बसवलं आणि मी गॅलरीत गेलो. काचेचं दार ओढून घेतलं, तिला चाहूल नको म्हणून. आतली कडी आपोआप पडली. फोन आत, टेबलावर.
आधी हसू आलं. काचेवर टकटक केली. कडी वर आहे, तिचा हात पोचत नाही. तिने मला टाटा केला. मग स्टूल ओढत ओढत आत नेलं आणि दिसेनाशी झाली.
स्टूल. स्वयंपाकघर. गॅस. सुऱ्या. मग पाण्याचा आवाज आला, आणि मला बाथरूममधली भरलेली बादली आठवली. सकाळी मीच भरून ठेवलेली. पाण्याच्या बादलीचे दावे मी वाचलेत. त्यात फारसं काही लिहिलेलं नसतं. दोन ओळी.
काचेवर मुठी आपटल्या. खांद्याने धडका दिल्या. तिचं नाव घेऊन हाका मारल्या, आवाज फाटला. आत पाणी वाहत होतं, ती ओ देत नव्हती. शेवटी मी फरशीवरच बसलो. ज्या देवांना कधी नमस्कार केला नव्हता, त्यांनाही नवस बोललो.
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आरडाओरडा ऐकला. वर बघून विचारलं, काय झालं?  मी एवढंच म्हणालो, पोरगी, पोरगी. काकूंनी बायकोला फोन लावला. क्लिनिक कोपऱ्यावरच. ती पळत आली, किल्लीने दार उघडून सरळ आत गेली. आतून काही ऐकू येईना. एवढी लांब शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.
मग बायकोने कडी काढली. कडेवर बाईसाहेब, बाही ओली. स्टुलावर चढून बेसिनमध्ये बाहुलीला अंघोळ घातली होती. बाहुली माझ्या इस्त्रीच्या शर्टात गुंडाळलेली. मी मुलीला घट्ट धरलं आणि सोडेचना. ती म्हणाली, बाबा, दुखतंय.
बायकोने विचारलं, बाबा एवढा हाका मारत होता, ऐकू नाही आलं? ती म्हणाली, आलं की. पण बाबा एकटा खेळत होता ना, म्हणून मी मध्ये मध्ये गेले नाही.

शुक्रवार, १४ मार्च
गॅलरीची कडी काढून टाकली. बादली उपडी घातली. एवढं केल्यावर खरंतर काळजीचं काही कारण नाही.
बायकोने सांगितलं, आज तू जागचा उठायचं नाहीस. बसलो. दावा उघडला, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आतून गाणं आलं. मग थांबलं. मी उठलो नाही. मग उठलो.
दार हळूच लोटलं. बाईसाहेबांनी मान वर केली, उसासा टाकला, माझा हात धरून मला परत खुर्चीवर आणून बसवलं. म्हणाल्या, घाबरू नकोस, मी आहे ना आत.
आणि जाताना दार लावून घेतलं.