बाबांचं पाणचट सूप

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा सूप पाणचट! मीठ नाही, टोमॅटोचा आंबटपणा नाही – नुसतं लाल रंगाचं गरम पाणी. बाबांना म्हटलं, "मीठ विसरलात." त्यांनी पातेल्यातलं चमचाभर चाखलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने मीठ घातलं. तरी तेच! जन्मभर वसतिगृहाच्या मेसमध्ये स्वयंपाक केलेला माणूस हा. वसतिगृह सोडताना पोरं रडायची ती मित्रांसाठी नव्हे, ह्यांच्या सूपसाठी – असं स्वतःच सांगत असतात.

शेवटी पाव आमच्या कारखान्याच्या ऑरेंज कोल्ड्रिंकच्या बाटलीबरोबर संपवला. तिला निदान चव तरी आहे.

मंगळवार, ५ मार्च

बाबांना मेसमधून फोन. नवीन आचाऱ्यांना शिकवायला आठवड्यातून दोन दिवस याल का? पुढच्या आठवड्यातल्या शनिवारपर्यंत विचार करून सांगा. बाबा नवरदेवासारखे खुलले! आणि मी म्हणाले, "बघा बुवा, झेपेल का." चेहरा खर्रकन उतरला.

मी काय दुष्ट आहे? पण मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी मीठ विसरले, मग गॅस चालू राहायला लागला, मग आमची नावं. मला भीती वाटते. आणि भीती वाटली की मी खेकसते, हे माझं जुनंच.

गुरुवार, ७ मार्च

कामावर डोक्याला ताप. आमच्या कोल्ड्रिंकच्या कारखान्यात टेस्टिंगच्या खोलीत लाल दिवा असतो, म्हणजे रंगावरून काही ओळखता येऊ नये. समोर तीन कप. दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं, बस्स. इतकी वर्षं डोळे मिटून सांगत आलेय. आज लागोपाठ चुकले!

कप त्या नवीन मुलीने मांडले होते. तिनेच घोळ घातला असणार. तसं मॅडमना सांगितलंही. मॅडम म्हणाल्या, "नाचता येईना..." आणि पुढचं गिळलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर येऊन फ्रिजमधून दोन ऑरेंज काढून प्यायले. स्टाफला फुकट असतात. टेस्टिंगच्या आधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही असा नियम आहे, पण ऑरेंज मी त्यात धरत नाही. आमच्याकडे सगळे ते पाण्यासारखंच पितात.

शुक्रवार, ८ मार्च

उकडलेली गाजरं. ओला पुठ्ठा!

बाबा म्हणाले, "अगं, गोड आहेत की."

मी ओरडलेच. "तुमची जीभ गेलीय, बाबा! चव कळणं हा माझा धंदा आहे, मला नका सांगू!"

माझी गाजरं स्वतःच्या ताटात घेतली. एकदा तरी उलटून बोलायचं! त्याने तरी मला बरं वाटलं असतं.

रविवार, १० मार्च

गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतली. बाबा "बरं" म्हणाले. हल्ली सगळ्यालाच "बरं."

शेजारच्या काकूंना वाटी नेऊन दिली. त्या रिटायर्ड नर्स, एकट्या राहतात, बाबा रोज त्यांच्यासाठी वाटीभर काढून ठेवतात. बिचाऱ्या निमूट खातात. शेजारधर्म म्हणून किती सोसायचं माणसाने!

मंगळवार, १२ मार्च

बाबांनी मेसवाल्यांना नाही म्हणून कळवलं. "या वयात कशाला फजिती," म्हणाले आणि पेपर उघडून बसले. मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. मग त्या लाजेचाच राग आला आणि भांडी आदळत घासली.

बुधवार, १३ मार्च

मॅडमनी एकटीलाच टेस्टिंगला बसवलं. लाल दिवा, एकच कप. मी लिहिलं – "कुणीतरी केलेली स्वस्तातली नक्कल. वास बरा, गोडी नाही."

ते आमचंच ऑरेंज होतं!

मग मॅडमनी त्याच खोक्यातली दुसरी बाटली माझ्यासमोर उघडली. फस्स! पहिल्याच घोटाला मी म्हणाले, "हे खरं ऑरेंज!"

मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. "रोज किती ढोसतेस?" त्यांनी कुठेतरी वाचलंय म्हणे – रोज गोड पिणाऱ्यांचा मेंदू बाटली दिसली, झाकण वाजलं की तेवढ्यावरच खूश होऊन बसतो, आणि खरी चव येते तेव्हा ढिम्म! "जीभ धडधाकट आहे गं तुझी. वरचा साहेब झोपलाय." महिनाभर ऑरेंज बंद, टेस्टिंगही बंद. पॅकिंगला बसायचं. मग पुन्हा बघू.

मीच का? सगळे पितात! कारखाना, फ्रिज, मॅडम, त्या मुलीची वेणी – रस्ताभर एकेकाला शिव्या घातल्या. घराच्या जिन्यात सुपाचा वास आला आणि पाय तिथेच थांबले.

बाबांचं सूप.

गुरुवार, १४ मार्च

डॉक्टरांची वेळ रद्द केली. बाबांनी कारणही विचारलं नाही. संध्याकाळी काकूंकडे गेले. "खरं सांगा काकू, बाबांचं सूप कसं असतं?"

"कसं असणार? वाटी चाटून ठेवते मी. परवा तुझ्या पातेल्यातलं चुकून आलं, तेव्हा मात्र घशाखाली उतरेना. खारट ढाण! तू मीठ वाढवायला लावतेस, म्हणून माझी वाटी ते आधीच काढतात."

"मग मला कुणी बोललं का नाही?"

काकू जरा घुटमळल्या. "त्यांनीच बजावलं होतं. म्हणाले, लोकांचं पोट हातावर असतं, हिचं जिभेवर आहे. जीभ बिघडली असं एकदा तिच्या मनात बसलं, तर ती त्या लाल खोलीत पाऊल कसं टाकेल? त्यापेक्षा माझा हात बिघडलाय असं वाटू दे तिला."

"आणि मेसचं?"

"तिथे पोरांनी वाहवा केली असती, तर खोट कुणात आहे ते तुला कळलंच असतं की!"

शुक्रवार, १५ मार्च

सूप. मी मीठ मागितलं नाही. "बाबा, मला काहीच लागत नाहीये. बिघडलंय ते माझं. सूप चांगलं आहे."

त्यांचा चमचा थांबला. "कामावर कळलं?"

"हो."

"नोकरी आहे ना?"

"आहे. महिनाभर पॅकिंगला."

बाबांनी उठून हात पुसले. "ठमे, त्यांनी शनिवारपर्यंतचा वेळ दिला होता. आज शुक्रवारच आहे ना? लाव बघू मेसला फोन."