उपवासाने उतरावयाचे वजन

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावास्या.
हे दीनदयाळा, तुझ्या कृपेने ही लेखणी चालो आणि तिच्याकडून असत्य न लिहिले जावो. आता विषय. विषय माझ्या वजनाचा आहे.
डॉक्टर सँड्रा यांनी आज माझे हर्नियाचे ऑपरेशन नाकारले. म्हणाल्या, आजोबा, पोटावर एवढी चरबी, झोपेत श्वास अडकतो, अशा माणसाला भूल द्यायची मला भीती वाटते. आधी वजन उतरवा. आणि फार उशीर नको, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल.
आत्मा अमर आहे असे आयुष्यभर प्रवचनांतून सांगत आलो, त्यामुळे भय वाटले नाही. घाम आला तो पंखा बंद होता म्हणून.
सोबत पत्नी सुनंदा होती. काकूंचंही रक्त तपासू, असे डॉक्टर म्हणाल्या. मी नको म्हटले. बायकांचे अंग बाळंतपणानंतर सुटतेच, त्याला कोणी रोग म्हणत नाही.
संकल्प: श्रावणात कडक उपवास.

२८ जुलै, सोमवार.
साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, तुपातले बटाटे, राजगिऱ्याचे लाडू. धान्याचा कण नाही. शरीर इतके हलके वाटले की दुपारी चार तास झोपलो.
सुनंदाही माझ्याबरोबर उपवास धरते. उपवासाचे टाकून देऊ नये, म्हणून कढईत उरेल ते ओट्याशी उभ्यानेच संपवते. साध्वी आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार.
डॉक्टरांनी चालावयास सांगितले होते. आम्ही राहतो त्या चंदनसार भागातल्या रस्त्याला फुटपाथ नाही. पाण्याचा टँकर धोतराला चाटून गेला. परतलो. हे भय नव्हे, दक्षता.
जिना चढावा, तर प्रत्येक दारापुढे चपलांचा ढीग. सोवळ्यात ते ओलांडणार कसे? लिफ्टच शास्त्राला धरून आहे.
वसईच्या वाडीत विहिरीचे पाणी ओढीत असे, केळीचे घड खांद्यावर वाहत असे. तेव्हा मला वजन आहे हेच ठाऊक नव्हते. वाडी विकून फ्लॅट घेतला तो सुखासाठी.

५ ऑगस्ट, मंगळवार. एकादशी.
मेडिकलच्या दुकानातील काट्यावर उभा राहिलो. वजन वाढले आहे. रुद्राक्षमाळ काढून पुन्हा उभा राहिलो. तेवढेच. यंत्र सदोष दिसते.
तरी गुरुवार आणि शनिवारही धरले.

१२ ऑगस्ट, मंगळवार. अंगारकी.
वाडीतला बालमित्र पीटर केळी घेऊन आला. मासे खातो, डुक्कर खातो, आणि पोट पाठीला चिकटलेले. अजून स्वतः बागेला पाणी लावतो, एवढेच त्याचे पुण्य. माझे ताट पाहून म्हणाला, अरे श्रीरंगा, आमच्या नाताळाला एवढं शिजत नाही, जेवढं तुझ्या उपासाला! सुनंदा तोंडाला पदर लावून हसली.
मग तो तिला म्हणाला, वहिनी, तुम्ही का एवढ्या दमलेल्या? आणि हा पाण्याचा कितवा तांब्या? मी सांगितले, उपवासाने तहान लागतेच.
तो गेल्यावर पोटात कळ आली. आतडे अडकले असे वाटून देवांची नावे घेऊ लागलो. तेहेतीस कोटी पुरे होण्याआधीच ढेकर आला.

२१ ऑगस्ट, गुरुवार.
माझ्या पश्चात देवपूजा कशी चालवावी हे सुनंदाला समजावून सांगत होतो. ती ऐकत नव्हती. खिचडीची कढई हातात धरून ओट्याशी उभी होती, ती तशीच खाली बसली. हाक मारली, ओ दिली नाही.
लिफ्ट बंद. शेजाऱ्यांनी तिला खुर्चीवरून उतरवले. मागून मीही जिना उतरलो. चपला दिसल्यासुद्धा नाहीत.
डॉक्टर म्हणाल्या, साखर चारशेच्या वर आहे. आजोबा, महिनाभर ह्या खात काय होत्या?
काही नाही, उपवास, असे मी म्हणालो, आणि माझेच शब्द माझ्या कानांवर पडले.
मी तेव्हाच रक्त तपासू म्हटलं होतं, असे त्या म्हणाल्या.
आज भय वाटले. त्याला दुसरे नाव सापडले नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार.
सुनंदा घरी आली. सोमवार असून उपवास नाही. ज्वारीची भाकरी मी थापली. सुनंदा म्हणाली, अहो, हा कोणत्या देशाचा नकाशा? पण खाल्ली. दोडक्याची भाजीही. तिला प्रथम वाढले, मग शेजारी बसून जेवलो. कढई मी घासली.
संध्याकाळी सोसायटीच्या आवारात फिरलो. इस्पितळातून आलेली ती पुढे, मी धापा टाकीत मागे. वळून म्हणाली, सावकाश या, मी थांबते.
काट्यावर गेलो नाही. नवा संकल्पही लिहीत नाही.
ही वही ज्याच्या हाती पडेल त्याचे कल्याण असो. त्याच्या घरी सर्वांत शेवटी जेवणारीला बसून जेवता येवो, आणि तिचे रक्त वेळेवर तपासण्याची बुद्धी देव त्याला देवो.