धाकट्या जावेला माफ केल्याबाबत

बिस्मिल्लाह.

मी, हुरमतबी, मरहूम इब्राहिम खोत यांची विधवा, वय सत्तरीच्या पुढे (जन्माचा कागद करायला माझ्या वडिलांना सवड झाली नाही), धंदा शिवणकाम, राहणार सोपारा गाव, नालासोपारा पश्चिम, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. दबाव आणून पाहणारे होते. ते थकले. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टर सुमेध यांचा दाखला सोबत जोडला आहे. मोहल्ल्यात विचारले तरी हेच सांगतील, काही जण जरा दुःखाने सांगतील.

यातले कायद्याचे शब्द वकील शरदचंद्र चौधरी यांचे आहेत. बाकीचे शब्द काढून टाका असे त्यांनी तीनतीनदा सुचवले. ते माझे आहेत, म्हणून ठेवले.

कलम १. घराचा पूर्वेकडचा भाग माझ्या नावे आहे. आमच्या शरीयतीप्रमाणे माणसाला मृत्युपत्राने फक्त एक तृतीयांश मिळकत आपल्या मर्जीने देता येते. उरलेली कोणाला किती जावी ते वरूनच ठरलेले आहे. तेव्हा माझा मुलगा अश्फाक आणि मुलगी रुकैया यांनी आपापला हिस्सा घ्यावा आणि कमीजास्त वाटल्यास तक्रार माझ्या कबरीवर आणू नये. वाटणी मी केलेली नाही.

अश्फाकने नायगावला सातव्या मजल्यावर घर घेतले आहे. तिथून खाडी दिसते आणि आई दिसत नाही, असा दुहेरी फायदा आहे. जितेश बिल्डर याचे रंगीत पुस्तक तो दर महिन्याला माझ्या उशाशी विसरून जातो. त्यातल्या चित्रात आमच्या घराच्या जागी पोहण्याचा तलाव आहे. मी गेल्यावर मुलाने काय करायचे ते करावे. पण मी जिवंत असताना मला त्या तलावात बुडवू नये.

कलम २. शिवणयंत्र, मोठी कात्री आणि कोळशाची इस्त्री गासच्या क्लारा लोपीस हिला द्यावी. तिच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या नवऱ्यांचे पांढरे झगे मी शिवले. वकील म्हणतात, नवऱ्यांचे नव्हे, नवऱ्यामुलींचे लिहा. तसे वाचावे. क्लारा माझी मैत्रीण आहे. एकदा तिने मला सांगितले, "आमचं बरं आहे गं हुरमत. मनात काही साचलं की फादरकडे जायचं, सांगायचं, मोकळं व्हायचं." मी म्हटले, "तुमची मजा आहे. आमच्यात अल्लाहचा गुन्हा अल्लाह माफ करतो, पण माणसाचा गुन्हा असेल तर त्याच माणसाच्या दारात जावं लागतं." ती म्हणाली, "मग जा की!" मैत्रीण असून असे बोलली. तरी यंत्र तिलाच द्यावे.

कलम ३. आता रागांची विल्हेवाट. एक तृतीयांशाची मर्यादा रागाला लागू नाही, हे मी वकिलांना विचारून घेतले आहे.

मरहूम इब्राहिम यांचा धाकटा भाऊ आमच्याच घराच्या पश्चिमेकडच्या भागात राहत असे. त्याची बायको जैबुन ही माझी जाऊ. माझ्या रुकैयाचे लग्न मुरुडच्या एका घराण्यात ठरले होते. कपडे शिवून झाले होते. त्या आठवड्यात जैबुनने मुरुडच्या बायकांना चहा देता देता सांगितले, की रुकैयाला लहानपणी फिट यायच्या. लग्न मोडले.

फिट दोनदा आल्या होत्या, हे खरे आहे. पण खरे बोलणाऱ्यानेही दुसऱ्याच्या घरात शिरताना दारावर टकटक करायची असते.

मुरुडच्या त्या मुलाने पुढे एका मागोमाग एक तीन लग्ने केली. माझी रुकैया एका भल्या शिक्षकाच्या घरी सुखात आहे. म्हणजे जैबुनने आमच्यावर उपकार केले, असे मोहल्ल्यातले शहाणे मला समजावत. वाईट हेतूने केलेले उपकार मी जमा धरत नाही. मी मधल्या अंगणात पुरुषभर उंच भिंत घातली आणि जैबुनशी बोलणे बंद केले. ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशीची. मुरुडकरांना मात्र मी केव्हाच माफ केले. त्यांची शिक्षा तिसरी सून होऊन त्यांच्या घरी नांदत होती.

कलम ४. भिंतीच्या टोकाला एक खोली होती. तिला दोन दरवाजे, एक माझ्या अंगणात, एक जैबुनच्या. त्या खोलीत आमच्या नवऱ्यांची विधवा आत्या राहत असे. तिला आम्ही खातूनफुफी म्हणायचो. मूलबाळ नव्हते. दोन्ही घरांचे निरोप तीच नेई. मी सांगे, "फुफी, तिला सांग, कोंबडा पुन्हा माझ्याकडे आला तर कापीन." फुफी मान हलवी आणि पलीकडच्या दाराने जाई.

ईदेच्या सकाळी ती शीरखुर्म्याची वाटी घेऊन येई. "जैबुनने पाठवलाय." मी वाटी ठेवून घेई, रिकामी परत करी, आणि मनात म्हणे, वाकते आहे, आणखी वाकू दे.

कलम ५. दोन हजार दोन साली माझ्या छातीत कळ आली. डॉक्टर सुमेध यांनी मला वाचवले. घरी सोडताना ते म्हणाले, "आजी, दिल एकदम फर्स्टक्लास झालंय. फक्त मीठ कमी करा आणि राग बंद." मी म्हटले, "डॉक्टर, मीठ गेल्यावर जेवणात चव रागाचीच उरते. तोही काढला तर जगू कशावर?" ते हसले. मी गंमत केली नव्हती.

त्याच सुमारास मोहल्ल्यात बायकांसाठी गुरुवारी दुपारी दर्स, म्हणजे धर्माची शिकवण, सुरू झाला. मुंब्र्याहून एक तरुण आलिमा, म्हणजे धर्म शिकलेली बाई, येई, सगळ्या तिला बाजी म्हणत. विषय होता दिलाचे आजार आणि त्यांचा इलाज. डॉक्टर पाहतात ते दिल वेगळे, बाजीचे वेगळे. तिने आजार सांगितले. हसद, म्हणजे दुसऱ्याचे बरे न पाहवणे. तकब्बुर, म्हणजे गर्व. आणि कीना, म्हणजे मनात धरून ठेवलेला डूख. कीना म्हणताच सगळ्या बायका वळून माझ्याकडे पाहू लागल्या. आजार सर्वांचे, पेशंट मी एकटी. जैबुन खांबाआड बसली होती म्हणून वाचली.

बाजी म्हणाली, लोखंडाला गंज चढतो तसा दिलालाही चढतो. मौतेची आठवण आणि कुराणाचे वाचन यांनी तो निघतो. मी विचारले, "बाजी, माझी कात्री गंजली की मी धारवाल्याकडे देते. संध्याकाळपर्यंत परत मिळते. तुमच्याकडे किती दिवस लागतात?" बायका हसल्या. बाजी हसली नाही. ती म्हणाली, "खाला, सोमवारी आणि गुरुवारी माणसांचे अमल, बरीवाईट कामं, वर पेश होतात. पुष्कळांना माफी मिळते. पण ज्या दोघांत कीना असतो, त्यांच्याबद्दल हुकूम होतो, यांना थांबवा, आधी यांचा आपसात समेट होऊ द्या."

मी तिथून उठून घरी आले. त्या दिवशी गुरुवारच होता. नमाज पढताना मला सारखे वाटू लागले, की वर कुठल्या तरी दारात मी आणि जैबुन शेजारी शेजारी थांबवून ठेवलेल्या आहोत, आणि तिथेही तिच्याकडे पाठ करून मी उभी आहे. मला भीती वाटली. हे मी कोणाला सांगितले नाही. दर्सला जाणे बंद केले आणि कंबर दुखते असे कळवले.

कलम ६. पुढच्या उन्हाळ्यात खातूनफुफी वारली. मोहल्ल्यातल्या बायकांच्या मय्यतीला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, मी घालत आले आहे. मी तयारीला लागले, तेव्हा बाजीने मला बाजूला घेतले. "खाला, फुफीने मला सांगून ठेवलंय. तिला तुम्ही आणि जैबुनखालाने आंघोळ घालायची. तिसरी बाई आत नको."

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना हे ठाऊक असते आणि ती त्याचा गैरफायदा घेतात.

पडदा लावला. बोरीची पाने घालून पाणी तापवले होते. मी हाताला कापडाची थैली चढवली. तांब्या जैबुनच्या हातात. गुस्लमध्ये एकीने ओतायचे, दुसरीने धुवायचे, उजव्या अंगापासून, अगदी हळू, कारण मय्यतीलाही दुखते असे आम्ही मानतो. न बोलता होणारे काम नाही ते. आणि इतकी वर्षे आमचे निरोप नेणारी बाई समोर तख्त्यावर निजलेली.

पहिले पाणी माझ्या हातावर पडले. मी पडद्याकडे पाहून म्हटले, "पाणी कढत आहे."

जैबुन म्हणाली, "कोनाला सांगता, भाबी? फुफी ऐकनार नाय आता."

मी तिच्याकडे पाहिले. तिचे सगळे केस पिकले होते. भिंतीवरून तिचा आवाज ऐकू येई, केस दिसत नसत. मी म्हटले, "तुला सांगते. थंड घाल थोडं." तिने घातले. मग आम्ही दोघींनी मिळून फुफीला धुतले, कुशीवर वळवले, कापूर लावला. मय्यतीच्या अंगावर जे दिसेल ते बाहेर सांगायचे नसते, म्हणून इथेही लिहीत नाही. इतकेच लिहिते, की ती फार हलकी झाली होती. दोन घरांत जेवणारी बाई इतकी हलकी कशी, याचा दोन्ही घरांनी विचार करायला हवा होता.

दफन झाल्यावर आम्ही तिची खोली झाडत होतो. जैबुन म्हणाली, "आता ईदेला तुमच्याकडला शीरखुर्मा कोन आनील?"

"माझ्याकडला? तो तर तुझ्याकडून यायचा."

केरसुणी तिच्या हातात तशीच राहिली. चुलीशी फुफीचे एकच पातेले होते. त्यातच ती शिजवी आणि दोन वाट्या भरी. मी विचारले, "आणि कोंबड्याचं काय सांगायची तुला?"

"भाबी म्हनते, कोंबडा देखना हाय, नीट सांभाळ."

मला हसू आले आणि मग मी फुफीच्या खाटेवर बसून रडले. जैबुनने मला डोळे पुसायला पदर दिला नाही. ती स्वतः रडत होती आणि पदर एकच होता.

बाजी नंतर म्हणाली, दोघांत सलोखा करण्यासाठी बोललेले खोटे अल्लाह खोट्यात धरत नाही. धरत नसेल. पण त्या शीरखुर्म्याने झाले काय? दर ईदेला मला वाटे जैबुन वाकली, तिला वाटे मी वाकले, आणि दोघी आणखी ताठ होत गेलो. बिचारीने औषध पाजले, आजाराने ते पिऊन अंग धरले. यात दोष फुफीचा नाही. ती खाटेवर वाट पाहत बसली असेल, की दोघींपैकी एकीला तरी उठून आभार मानायला जायची बुद्धी होईल.

कलम ७. तरी जैबुनने रुकैयाच्या बाबतीत माफी मागितली नाही. मी वाट पाहिली. रमजान आला. बाजीने पूर्वी सांगितले होते, की समोरच्याने मागितल्यावर माफ करणे हा व्यवहार झाला, न मागता करणे हा इलाज. मी सत्ताविसाव्या रोजाला इफ्तारनंतर पलीकडे गेले. जैबुन भांडी घासत होती. मी म्हटले, "जैबुन, ते मी सोडलं."

"काय सोडलं? मीठ?"

"हो. तेही."

तिने हात धुतले. मला बसायला पाट दिला. समजली की नाही, मला माहीत नाही. मला मात्र त्या रात्री छातीवरचा पाटा कोणी काढून ठेवावा तशी झोप लागली.

दिल पूर्ण बरे झाले असे मी लिहिणार नाही, खोटा दाखला देणे गुन्हा आहे. जैबुनचे शेजारणींत कौतुक झाले तर अजून छातीत चमक मारते. ती आणि मी आता रोज भांडतो, मिठावरून, नळावरून, अश्फाकच्या बायकोवरून. पण समोरासमोर भांडतो आणि ते संध्याकाळी संपते. डूख धरायला दोघींनाही फुरसत नाही.

कलम ८. माझ्या मर्जीच्या एक तृतीयांशातून फुफीच्या खोलीतला माझा हिस्सा, जिला कोणी नाही अशा एखाद्या बाईला राहायला द्यावा. जैबुनने आपला हिस्साही त्यासाठी सोडला आहे. बाई कुठल्या धर्माची ते पाहू नये. तिने कोणाचे निरोप नेऊ नयेत, एवढी अट आहे.

कलम ९. मला गुस्ल जैबुनने घालावे. ती बडबड करील, करू द्यावी. ती माझ्या आधी गेली तर तिचे गुस्ल मी घालीन, आणि हे कलम रद्द समजावे. रद्द होऊ नये अशी माझी दुआ आहे. हे तिला सांगू नये.

हे सर्व मला वाचून दाखवले. ते माझेच आहे आणि मला कबूल आहे.

सही: हुरमतबी इब्राहिम खोत
ठिकाण: सोपारा गाव, नालासोपारा पश्चिम
गुरुवार, दिनांक १२ ऑगस्ट २००४

आमच्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार पहिली: क्लारा लोपीस, राहणार गास

साक्षीदार दुसरी: जैबुन खोत, राहणार वरीलप्रमाणे

(साक्षीदाराने मृत्युपत्रात मजकूर लिहू नये, असे मी दुसऱ्या साक्षीदारास समजावले. त्यांनी ऐकले नाही. पुढील ओळी त्यांच्या हातच्या आहेत. शरदचंद्र चौधरी, वकील.)

सगलं वाचलं. नववं पन वाचलं. भाबींनी सातव्या कलमात लिवलंय का जैबुनने माफी मागितली नाय. ते आजपासून खोटं हाय. वकीलसायेब, ती ओळ खोडा. रुकैयाचं मी वाईट केलं, भाबी. मला माफी द्या.