तेलाचे सतरा डाग

बाबा, आज दुपारी आपल्या मालवणच्या घरी, स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून हे लिहिते आहे. घर दोन दिवसांपुरतं उघडलंय. आई आमसुलं सुकवायला ठेवायची ती फळी अजून जागेवर आहे, आणि खिडकीच्या गजांवरचा गंज तुमच्या वेळेपेक्षा वाढला आहे. मी काय काम करते हे तुम्ही गेलात तेव्हा अजून ठरायचं होतं, म्हणून आधी तेच सांगते. ज्या माणसाने जन्मभर मच्छीमार बोटींची इंजिनं खोलली, त्याची मुलगी पुण्याला स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात बसते. दोन माणसं कशीबशी मावतात, जमिनीला टेकलेल्या असतात आणि सुरू झाल्या की सगळी आळी खिडकीत येते, तसल्या गाड्या. वॉरंटी संपल्यावर त्यांचं इंजिन गेलं, तर कायद्याने कंपनी काहीच देणं लागत नाही. पण मालकाने गाडी नीट सांभाळली असेल आणि दोष मुळात इंजिनाचाच असेल, तर कंपनी दुरुस्तीचा काही भार उचलते. त्याला गुडविल म्हणतात. ते द्यायचं की नाही, याची पहिली शिफारस माझ्या टेबलावरून जाते. ऑफिसात माझी ख्याती फार काही चांगली नाही. माझ्याकडे अर्ज आला की तो मेलाच, असं माझ्या पाठीमागे म्हणतात, आणि मला ते ऐकू येतं.

तुमचे टिपकागद आठवतात ना? बोटीचं तेल बदलायच्या आधी तुम्ही इंजिनातली तेल मोजायची कांडी बाहेर काढायचात आणि तिच्या टोकाचा एक थेंब टिपकागदाच्या चौकोनी तुकड्यावर सोडायचात. मग तो तुकडा घरी यायचा आणि या गजांना चिमट्याने लटकायचा. आई करवादायची, "माझ्या आमसुलांच्या बाजूक तुमचे ते घाणेरडे कागद नको हां!" तुम्ही हसून चिमटा दोन गज पलीकडे सरकवायचात. दुसऱ्या दिवशी थेंब पसरलेला असायचा, मधे काळा ठिपका, त्याभोवती राखाडी कडं, आणि सगळ्यात बाहेर फिकट पिवळं. त्या कड्यांवरून तुम्ही सांगायचात की तेल वेळेवर बदललंय का, त्यात पाणी शिरलंय का, इंजिन आतून झिजतंय का. एकदा मी घाई केली. सकाळचा कागद दुपारीच काढून आणला आणि शहाणपणाने म्हटलं, हे तेल खराब आहे. तुम्ही माझ्या हातातून कागद घेतलात, परत चिमट्याला लावलात आणि आवाज न चढवता म्हणालात, "सुकाक दी गो. ओलो डाग खोटा सांगता." तुमचं रागावणं एवढंच असायचं, पण मला ते लागायचं. सुकलेल्या कागदावर तुम्ही शिसपेन्सिलीने बोटीचं नाव नि तारीख घालायचात आणि तो तारेत ओवायचात. प्रत्येक बोटीची वेगळी तार होती.

मग शेजारच्या तांडेलांच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बसलं. वॉरंटी संपून चार महिने झाले होते. दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. तुम्ही ते खोललंत आणि मला बोलावून, टॉर्च धरायला लावून दाखवलंत की बेअरिंगला तेल पोचवणारी वाट कारखान्यातूनच अर्धी बुजलेली आली आहे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, घरात इंग्रजी येणारी एकटीच. तुम्ही म्हणालात, कंपनीला पत्र लिही. मी तीन दिवस खपून, शब्दकोश पुढ्यात ठेवून इंग्रजीत लिहिलं. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी तुम्ही ते दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत पाहिलंत. मग तांडेलांच्या बोटीची तार सोडवलीत आणि सतराच्या सतरा कागद माझ्या हातात दिलेत. "हे पत्रावांगडा घाल. इंजिन बनवणाऱ्यांका तेल वाचूक येवचा नाय, तर कोणाक येतला?" संध्याकाळी तुम्ही बाजारातून माझ्यासाठी शाईचं पेन घेऊन आलात, निळं, सोनेरी टोपणाचं. पत्राचं बक्षीस म्हणून. उत्तर यायच्या आधीच.

पोस्टात काय झालं ते आता लिहिते. पाकीट चिकटवायच्या आधी मी एकदा उघडून बघितलं. सगळ्यात वरच्या कागदाचं तेल माझ्या पत्राच्या शेवटच्या पानाला लागलं होतं. कोपऱ्याला वाटाण्याएवढा पिवळा डाग. माझं ते सुवाच्य इंग्रजी, त्याखाली तुमची सही, आणि शेजारी डाग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुंबईच्या एखाद्या थंडगार कार्यालयात कोणी साहेब ते पाकीट उघडतोय आणि बोटं पुसायला रुमाल शोधतोय, असं दिसायला लागलं. मी सतराही कागद काढून पर्समध्ये टाकले, शेवटचं पान तिथेच बाकावर बसून नव्याने लिहिलं, खाली तुमची सही मीच केली, आणि नुसतं पत्र धाडून दिलं. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "सगळे कागद मावले मां?" मी हो म्हटलं.

उत्तर महिन्याभराने आलं. तेल वेळेवर बदलल्याचा कोणताही पुरावा दिसत नाही, तेव्हा बिघाड देखभालीच्या हयगयीमुळे झाला असं आम्ही समजतो. मी ते तुम्हाला मराठीत करून सांगितलं. "पुरावा दिसत नाही" हे शब्द सांगताना माझा आवाज गेला, आणि तुम्हाला वाटलं मला तुमच्यासाठी वाईट वाटतंय. तुम्ही तारेच्या रिकाम्या हुकाकडे बघितलंत. मग म्हणालात, "तेंणी बघल्यानी, आणि तरी नाय म्हटल्यानी. एवढे मोठे लोक, ते कशाक खोटा बोलतीत? माझाच वाचूक चुकला आसतला." तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा ठेवायला उठले. तांडेल तुम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत, पण पुढच्या हंगामात त्यांच्या बोटीला दुसरा मेस्त्री आला, आणि त्यांच्यामागून आणखी दोघांच्या बोटींना. ते एक वेळ सोसलं असतं. पण तुम्ही टिपकागद आणणंच थांबवलंत. कांडी काढायचात, बघायचात, पुन्हा आत घालायचात. आईची फळी मोकळी झाली आणि आईलाच ते सहन होईना. एकदा ती आपणहून म्हणाली, "लावा हो तुमचे कागद, मी काय बोलूचंय नाय." तुम्ही ऐकलं न ऐकल्यासारखं केलंत. पुढची सहा वर्षं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा न ठेवता काम केलंत, आणि तसेच गेलात.

आता गेल्या दोन महिन्यांतलं सांगते. माझ्या टेबलावर एक अर्ज आला. मालक देवगडचे, जहाजावर इंजिनिअर म्हणून जगभर फिरलेले. हौसेने ही गाडी घेतलेली. आंबोलीचा घाट चढताना इंजिनाने ठोका धरला आणि बंद पडलं. वॉरंटी संपून दीड वर्ष झालेलं. तेल बदलल्याची कंपनीच्या वर्कशॉपची नोंद एकही नाही, कारण एवढ्या लांब गाडी न्यायची कोणी. सगळी कामं कुडाळच्या एका मेस्त्रीकडे, आणि बिलं म्हणाल तर शून्य. असा अर्ज मी चहा संपायच्या आत नामंजूर करते. पण पाकिटात खाली काहीतरी जाड होतं. उपडं केलं तर टेबलावर टिपकागदाचे अकरा तुकडे पडले. मधे काळं, भोवती राखाडी, बाहेर पिवळं. शिसपेन्सिलीने तारीख आणि किलोमीटर. शेजारचा सहकारी म्हणाला, "हे काय, कोणी सांडलं?" मी तुकडे गोळा करून परत पाकिटात घातले.

मी स्वतः कुडाळला गेले. तो मेस्त्री कोण असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तुमच्या हाताखाली चार वर्षं काम करून, लग्न झाल्यावर सासुरवाडीच्या गावी गॅरेज टाकलेला तुमचा शिष्य. आता साठीला आलाय, पुढचे दोन दात नाहीत, पण कांडी पुसायची पद्धत तीच, आधी उलट्या हाताने, मग सुलट्या. मला बघून त्याचे डोळे भरले. गाडीकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, तेलाची काय चूक नाय हां. मेस्त्रींची शपथ." मी इंजिनाचं तेल तपासणीला घेतलं, बेअरिंगचे फोटो काढले. या इंजिनाच्या बेअरिंगची तक्रार आमच्याकडे आधीही दोन-चारदा आली होती. निघताना त्याने विचारलं, "एक विचारतंय. मेस्त्रींनी ह्या कागदांचा कित्याक बंद केल्यानी? माका कधी सांगल्यानी नाय. मी आपलो करीत रवलंय." मी म्हटलं, मला ठाऊक नाही. बाबा, पन्नाशी उलटली तरी मी तेच केलं.

पुण्याला परतून मी अकरा कागद एका मोठ्या पुठ्ठ्यावर तारखेप्रमाणे लावले. प्रत्येकाखाली काय दिसतं ते लिहिलं. शिफारस लिहिली नाही, ती जागा कोरी ठेवली आणि साहेबांकडे नेलं. साहेब कडक आहेत, माझ्याहून जास्त. त्यांनी पुठ्ठा खिडकीच्या उजेडात धरला आणि एकेक डाग बघत गेले. प्रयोगशाळेचा अहवाल वाचला, पुन्हा डाग बघितले. मग म्हणाले, "बिलं काय, कुणीही छापून आणतं. हे डाग खोटे कोण काढणार? याहून चांगला पुरावा माझ्याकडे कधी आलेला नाही." आणि नवं इंजिन कंपनीतर्फे मंजूर करून टाकलं, मालकाने फक्त मजुरी द्यायची. देवगडहून मालकांचा फोन आला. कुडाळहून तुमच्या शिष्याचाही आला, पण तो नुसता "ताई, ताई" करत राहिला. सहकाऱ्यांनी माझी थट्टा केली की बाईंच्या टेबलावरून अखेर एक अर्ज जिवंत सुटला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

इतकी वर्षं मी एका गोष्टीवर तगून होते, बाबा. पाठवले असते तरी त्यांनी काय वाचले असते, असं म्हणायचे. मोठी कंपनी, तेलकट कागद, केराच्या टोपलीत गेले असते. कंपनीतली माणसं कशी असतात ते मी आता आतून बघितलंय, मी स्वतःच तशी आहे, तेव्हा फरक काहीच पडला नसता. साहेबांनी पुठ्ठा उजेडात धरला आणि माझं ते म्हणणं तिथेच संपलं.

म्हणून इथे आले. ट्रंकेत, कॉलेजच्या जर्नलमध्ये, सतरा कागद होते तसे आहेत. मघाशी ते फळीवर ओळीने मांडले. इतक्या वर्षांत सुकायचे ते सुकले आहेत, आता त्यांना खोटं सांगता येणार नाही. एकेक करून सगळे वाचले, तुम्ही शिकवलंत तसे. पाणी नाही, झीज नाही, तेल दर वेळी वेळेवर बदललेलं. तुमचं वाचायला काहीही चुकलं नव्हतं.

तुम्ही आणलेल्या पेनात सकाळी शाई भरून बघितली, पण निब कधीच वाळून गेली आहे, म्हणून साध्या बॉलपेननेच लिहिलं. हे पत्र मी याच जर्नलमध्ये ठेवून ट्रंक लावणार आहे. फक्त एक राहिलं. शिफारसीची जागा मी कोरी का ठेवली, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. साहेब डाग बघत होते तेवढा वेळ मी टेबलाच्या कडेला धरून उभी होते, आणि त्यांनी नाही म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं.