टिंग वाजलं की डावा हात

केटा, बुधवार

प्रिय सेनानूदादा,

धाकट्या बहिणीचा तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? पाठवलेली सुकी मासळी पोचली का? इकडे घरचे सगळे ठणठणीत आहेत, माझीच तेवढी तळपायाची आग मस्तकाला गेली आहे.

आमच्या टायपिंगच्या शाळेतली जुनी मशीनं जाऊन संगणक आले, हे तुला ठाऊक आहेच. आता नवे हेडमास्तर अग्बेको म्हणतात, पुढच्या सत्रात वर्ग कोणी घ्यायचा, मी की तो नवा मास्तर एलॉर्म, हे एका खेळावर ठरणार! (सव्वीस वर्षं मी मुलींना गाण्याच्या ठेक्यावर टायपिंग शिकवलं, आणि माझी परीक्षा खेळावर!) खेळ फुकटचा, ब्राउझरमध्येच उघडतो. गाणं वाजतं, वरून अक्षरं पडतात, खालच्या रेघेला टेकली की ठेक्यावर तेच बटण दाबायचं. म्हटलं, हे तर माझ्या करंगळीचं काम.

ताठ बसले, बोटांकडे ढुंकूनही न बघता. आणि पहिल्याच ओळीला त्या पडद्याने मला काय म्हणावं? 'मिस'! लाल अक्षरांत, अख्ख्या वर्गासमोर! अरे, एकतीस वर्षं संसार केला, चार पोरं, दोन नातवंडं, आणि मी मिस? नाव टाकताना 'मिसेस एन्योनाम' असं स्वच्छ टाइप केलं होतं. मी उठून बजावलं, "मिसेस म्हणायचं!" तोवर मेल्याने आणखी सात वेळा मिस म्हणून घेतलं. त्या एलॉर्मला मात्र 'परफेक्ट, परफेक्ट'. याला काय म्हणायचं?

बरं, तेही गिळलं. पण त्या गाण्यात मधूनच टिंग वाजतं. आता तूच सांग, जुन्या मशीनवर टिंग वाजलं की टायपिस्ट काय करणार? ओळ संपली, डावा हात वर, दांडा ढकल! संगणकाला कुठला आलाय दांडा? तिथे हेडमास्तर वाकून बघत होते. टिंग, की माझा डावा हात त्यांच्या नाकासमोर. पुन्हा टिंग, पुन्हा हात. तिसऱ्यांदा त्यांचा चष्माच उडाला. (माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असतील, पण खुर्ची मोठी.) म्हणतात, "बाई, डावा हात दाखवून माझा अपमान करता? तोही तीनदा? माफी मागितल्याशिवाय सोमवारच्या दुसऱ्या फेरीला बसायचं नाही. वर्ग एलॉर्मला देऊन टाकीन!"

मी माफी मागू? माझ्या मनात काहीसुद्धा नव्हतं! आधी त्या खेळाने माझी मागावी. तू त्या खेळवाल्यांना माझ्या वतीने एक खरमरीत पत्र लिही, चांगलं झाडून काढ.

तुझी (विवाहित) बहीण,
मिसेस एन्योनाम

ता. क. खेळवाल्यांना लिहू नकोस. आत्ताच माझी विद्यार्थिनी यायरा सांगून गेली, 'मिस' म्हणजे ठेका चुकला. खेळाच्या मनात काही नव्हतं म्हणे. गाणं संपेपर्यंत एकशे बारा वेळा.

दुसरा ता. क. दादा, वर्ग गेला तर मी घरात बसून करू काय? माझी मी जाऊन माफी मागितलेली चालत नाही, मोठा भाऊच लागतो. शनिवारी ये, रिवाजाप्रमाणे माफीची म्हणून चांगल्या जिनची बाटली आण आणि हेडमास्तरांसमोर माझ्यासाठी शब्द टाक. सांग, तिच्याही मनात काही नव्हतं.

तिसरा ता. क. बाटली उजव्या हाताने दे. तू डावखुरा आहेस म्हणून आठवण करून देते.